हीटर प्लग, मॅनिफोल्ड आणि निफाडची थंडी

डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पाच अंशांखाली गेला, की निफाडचं नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतं. आम्हाला ते वाचायची गरज नसते. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटेच बागेत शेकोट्या पेटलेल्या असतात, ठिबक सुरू असतं, आणि गल्लीत कुठेतरी एखादी जुनी डिझेल गाडी सेल्फ मारून मारून बॅटरी संपवत असते. त्या गाड्यांत माझीही असायची.

माझी गाडी २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय. १८९६ सीसी, ९० हॉर्सपॉवर, जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातली. पंधरा वर्षं उलटल्यावर पर्यावरण कर भरून तिची नोंदणी वाढवून घेतली, कारण लासलगावला लिलावाला जायला किंवा रात्री-अपरात्री कुणाला नाशिकला दवाखान्यात न्यायला आमच्या घरात तिच्याइतकी भरवशाची गाडी दुसरी नाही. तिचे ग्लो प्लग, म्हणजे गॅरेजात ज्यांना हीटर प्लग म्हणतात ते, आणि सिलिंडरांत हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड आम्ही घरच्या शेडमध्ये बदलले. आम्ही म्हणजे शेजारचे काका आणि त्यांच्या हाताखाली मी. काकांची सगळी नोकरी ओझरच्या एचएएलमध्ये झाली, विमानांवर फिटर म्हणून. त्या कामातून, आणि त्याआधी गॅरेजांच्या ज्या फेऱ्या झाल्या त्यांतून जे कळलं ते असं.

१. आधी धुराचा रंग बघा

सकाळी गाडी उशिरा सुरू झाली की प्रत्येक जण एकच निदान करतो: ‘हीटर प्लग गेले.’ बॅटरीवाला म्हणतो बॅटरी गेली, एवढाच काय तो फरक. पण एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतं ते पाहिलं तर अर्धं निदान फुकटात होतं. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे नोझलमधून डिझेल आलं पण पेटलं नाही. हा थंडीचा, म्हणजे बहुधा प्लगचा धूर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडली, तेव्हा मॅनिफोल्ड, टर्बोच्या नळ्या, एअर फिल्टर यांच्याकडे वळायचं. निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो निराळा खर्च.

धूरच नसेल आणि सेल्फ नुसताच फिरत असेल, तर डिझेल पोचतच नाही. आमच्या गाडीत फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी पारदर्शक आहे. रात्री उभ्या गाडीने हवा धरली असेल तर सकाळी त्या नळीत बुडबुडे सरळ दिसतात. आणखी एक खूण म्हणजे दुपारी तापल्या उन्हातही गाडी तशीच त्रास देत असेल, तर प्लगचा त्यात काही दोष नाही. कॉम्प्रेशन, पंपाचं टायमिंग किंवा मंदावलेला सेल्फ तपासा.

आमच्या गाडीला दोन्ही रंग होते. सुरू होताना पांढरा, आणि चांदोरीच्या पुढे एखाद्या ट्रकला मागे टाकायला पाय दाबला की काळा. म्हणून दोन्ही कामं एकदम काढली.

२. नऊ अंशांच्या वर प्लग तुम्हाला काही सांगत नाहीत

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती ही.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. या इंजिनात हवा साडेएकोणीस पटीने दाबली जाते, त्या दाबानेच ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंड इंजिनात मात्र हेड आणि सिलिंडरच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात. शिवाय गारठलेली बॅटरी सेल्फ हळू फिरवते, त्यामुळे दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. अशा वेळी प्लगचं टोक काही सेकंदांत साडेआठशे अंशांच्या वर तापतं आणि डिझेलच्या फवाऱ्याला पेटायला जागा देतं.

जुन्या पद्धतीच्या, आधी एका छोट्या कप्प्यात डिझेल पेटवणाऱ्या इंजिनांना, पहिल्या इंडिकाचं इंजिन त्यातलंच, साध्या गार सकाळीही प्लग लागतात. टीडीआय थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन आहे, ते तितकं अडून बसत नाही. कंपनीने हिशेबच तसा ठेवलाय: कूलंटचं तापमान नऊ अंशांच्या खाली असेल तरच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गाडी सुरू करण्याआधी प्लग तापवतो. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात ती वेळ जवळजवळ येतच नाही. आमच्याकडेही वर्षातले काही आठवडेच येते. बाकीचं वर्ष चारही प्लग मेलेले असले तरी गाडी हसत सुरू होते. मग पहिली कडाक्याची पहाट उजाडते आणि लोक म्हणतात, ‘कालपर्यंत ठीक होती हो!’ काल ती ठीक नव्हतीच, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरं असं की याच इंजिनात गाडी सुरू झाल्यावरही प्लग काही वेळ तापत राहतात, जास्तीत जास्त चार मिनिटं, आणि तेही इंजिन अडीच हजार आरपीएमच्या वर गेलं नाही तर. ही तापवणी हवामान कसंही असलं तरी होते. थंड इंजिनाचा खडखडाट, मिसिंग आणि धूर कमी करण्यासाठी ती असते. म्हणजे पुण्यातल्या ऑक्टाव्हियावाल्याची गाडी रोज सकाळी पहिली दोन मिनिटं जास्त खडखडत असेल, तर त्यालाही प्लग मोजून घ्यायला हरकत नाही.

डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चालत्या गाडीत तोच दिवा लुकलुकू लागला तर अर्थ वेगळा. ईसीयूने काहीतरी दोष नोंदवलाय आणि तो प्लगचाच असेल असं नाही.

३. मीटर आधी, पाना नंतर

प्लग बाहेर न काढताही तपासता येतो, हे निम्म्या गॅरेजांना माहीत नसतं किंवा माहीत असून ते सांगत नाहीत. वरची टोपी, म्हणजे कनेक्टर, काढायचा. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. चांगल्या प्लगचा रोध एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली, प्लग मेला. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध थोडा असतो. तो आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघून घ्यायचा आणि वजा करायचा.

प्लग चांगले निघाले तर त्यांच्यापर्यंत वीज येते का ते पाहायचं. चार टोप्यांची ती वायरिंगची पट्टी इंजिनाच्या उष्णतेने कडक होते, आतली पितळी पकड सैल पडते, हिरवी होते. त्याच्या मागे रिले, आणि बॅटरीवरच्या पेटीतला पट्टीचा फ्यूज. चारही प्लग मिळून चाळीसएक अँपिअर ओढतात, त्यामुळे फ्यूजची जोडणी जरा सैल असली तरी प्लॅस्टिक वितळतं. नवे प्लग जुन्या जळक्या पट्टीला जोडून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे लोक मी पाहिलेत.

उन्हाळ्यात तपासायचं तर नऊ अंश आणणार कुठून? त्यावर काकांनी तोडगा काढला. कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची जोडणी काढून ठेवायची. ईसीयूला आकडा मिळाला नाही की तो इंजिन अतिथंड आहे असं धरून चालतो आणि प्लगना बराच वेळ वीज देतो. तेवढ्यात टोपीवर टेस्ट लॅम्प लावून पाहता येतं. नंतर जोडणी परत लावायची आणि नोंदलेला दोष स्कॅनरने पुसायचा. हा सेन्सरही या गाड्यांत बिघडतोच. तो थंड इंजिनाला गरम समजला की प्लग, रिले, वायर सगळं ठणठणीत असूनही तापवणी होत नाही. सेन्सर स्वस्त आहे आणि बदलायला सोपा आहे. प्लगांच्या आधी त्याचं वाचन बघावं.

अलीकडच्या गाड्यांबाबत एक सावधगिरी बाळगा. त्यांतले पुष्कळ प्लग बारा व्होल्टचे नसतात, पाच-सात व्होल्टवर चालतात. असा प्लग हातात धरून थेट बॅटरीला लावला की क्षणात जळतो. प्लगवर व्होल्ट छापलेले असतात, ते वाचल्याशिवाय बॅटरी जवळ आणू नका.

आमच्या मोजणीत दोन प्लग मेलेले, तिसरा मरणाच्या वाटेवर, पट्टीची एक टोपी जळकी. स्कॅनरवर पी०३८० हा कोड होता, म्हणजे तापवणीच्या सर्किटमध्ये दोष. नव्या गाड्यांत पी०६७१ ते पी०६७४ असे सिलिंडरगणिक वेगळे कोड येतात, तिथे कुठला प्लग ते थेट कळतं. आमच्या जुन्या ईसीयूला इतकं बोलता येत नाही.

४. प्लग काढायला घाई केली की हेड उतरतं

या कामातली खरी भीती एकच, प्लग अर्ध्यात मोडायची. आमच्या गाडीतल्या प्लगचे आटे १० मिलिमीटरचे. बसवताना तो १५ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, आणि साधारण ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असा प्लग पिळून तुटतो. बारीक, ८ मिलिमीटरचा प्लग तर २० लाच जातो. दोन्ही आकड्यांमधलं अंतर किती कमी आहे बघा. गॅरेजमध्ये अडलेल्या नटासाठी पान्याला पाइप घालतात, ती सवय इथे आणली तर प्लगचं डोकं हातात आणि धड हेडमध्ये. मग ड्रिल करून काढायचा प्रयत्न, तो फसला तर हेड उतरवणं, टायमिंग बेल्ट, गॅस्केट, कूलंट, सगळंच.

काकांची पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी प्लगभोवतीची खाच हवेच्या दाबाने साफ करायची, म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये पडणार नाही. मग आट्यांत शिरणारं तेल सोडायचं आणि रात्रभर राहू द्यायचं. सकाळी गाडी एक चक्कर मारून गरम करायची. ॲल्युमिनियमचं हेड लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गरम इंजिनात आट्यांची पकड जरा सैल होते. खोल गोटी सरळ बसवायची, तिरकी नको. टॉर्क पाना उलट्या दिशेलाही मोजू शकणारा असेल तर तो पंचवीसला लावून ठेवायचा. त्या आकड्यावर प्लग हलला नाही, तर त्या दिवशी तो हलवायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा चक्कर, उद्या बघू.

आमचे तीन प्लग मुकाट आले. चौथा थोडा फिरला आणि अडला. मी पाना बदलायला निघालो तसे काका म्हणाले, ‘भाऊ, विमान असतं तर तुम्ही आता काय केलं असतं?’ मी पाना खाली ठेवला. पाव आटा मागे, पाव आटा पुढे, मध्ये तेल, असं करत तो तासाभराने आला. टोकाला काजळीचा जाड थर बसलेला होता.

जुना प्लग निघाल्यावर लगेच नवा फिरवून बसवू नका. ज्या निमुळत्या बैठकीवर प्लग टेकतो तिथे काजळी घट्ट साचलेली असते. तिच्यासाठी खास रीमर मिळतो. त्याला ग्रीस लावून हाताने हळू फिरवला की काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते. ती काढली नाही तर नवा प्लग नीट टेकत नाही, उष्णता हेडकडे जात नाही आणि नवा प्लगही लवकर जातो. जुन्याचं टोक फुगलेलं असेल तर तो जास्त वेळ वीज मिळाल्याने फुगला आहे, रिले चिकटतोय का ते तपासा. नव्या प्लगच्या आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस किंचित लावलं तर पुढच्या वेळी तो सुखाने निघतो. टोकाला मात्र एक थेंबही नको.

५. बदलायचे तर चारही

चारही एकाच वयाचे असतात. तीन नवे आणि एक जुना ठेवला तर पुढच्या डिसेंबरात तेच काम परत. संपूर्ण सेट एका टायरपेक्षा स्वस्त पडतो. फक्त बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. नकली प्लगचं टोक तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन आणि हेड दोन्हींचा निकाल लागतो.

६. पेट्रोलचा बोळा आणि स्प्रे

थंडीत अडलेल्या डिझेलच्या एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरायची पद्धत आपल्याकडे ट्रॅक्टरपासून चालत आलीय. आता त्याची जागा स्टार्टिंग स्प्रेने घेतली. मॅनिफोल्डमधून ईथर किंवा पेट्रोलची वाफ आत जाते आणि आत जर एखादा प्लग लालभडक असेल, तर ती पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकते. कनेक्टिंग रॉड वाकल्याची, पिस्टन फुटल्याची उदाहरणं यातूनच होतात. हे करणाऱ्याला मी माझ्या गाडीच्या बॉनेटला हात लावू देत नाही.

७. मॅनिफोल्डमधलं डांबर एकट्या काजळीचं नसतं

प्लग इंजिनाच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे. मॅनिफोल्ड मागे, केबिनच्या भिंतीकडे, एक्झॉस्टच्या डोक्यावर. पुढचं काम नाजूक, मागचं अवघडलेलं. तो खाली उतरवून आत पाहिलं तेव्हा हवेच्या वाटेत अंगठा जेमतेम जाईल एवढीच जागा उरली होती. बाकी सगळं काळं, चिवट, अर्धवट वाळलेल्या डांबरासारखं.

हे कसं होतं? ईजीआर झडप एक्झॉस्टमधला काही धूर परत इनटेकमध्ये सोडते, कारण त्याने जळणाचं कमाल तापमान खाली येतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी बनतात. त्या धुरात कोरडी काजळी असते. दुसरीकडे क्रँककेसमधली ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या तोंडाशी येते आणि तिथून इंटरकूलरमार्गे मॅनिफोल्डपर्यंत पोचते. नुसती काजळी उडून गेली असती, नुसतं ऑइल वाहून गेलं असतं. दोन्ही भेटतात तिथे हा थर बसतो. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने मॅनिफोल्ड धुऊन काढायला इंधनही तिथे येत नाही.

आपल्याकडच्या डिझेलचाही त्यात वाटा आहे. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दर दहा लाखांत ३५० भागांपर्यंत चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आल्यावर १०. माझ्या गाडीचं तारुण्य जुन्या, जास्त गंधकाच्या डिझेलवर गेलं. वर गाडी लिलावाच्या रांगेत तासन्‌तास आयडलला उभी. आयडलला आणि कमी वेगात ईजीआर जास्त उघडी असते. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर चांगली ताणून चालवावी असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते खरं आहे.

८. चिंध्या मोजून घाला

हे काकांचं खास. एचएएलमध्ये काम सुरू करताना आणि संपवताना प्रत्येक पाना मोजला जाई. विमानात विसरलेला पाना जीव घेतो. मॅनिफोल्ड निघाल्यावर हेडची चार भोकं उघडी पडतात, त्यांत पहिल्यांदा चिंध्या कोंबायच्या. पांढऱ्या किंवा भडक रंगाच्या, काळ्या नव्हेत. प्रत्येकीचं टोक बाहेर दिसलं पाहिजे आणि एकूण किती घातल्या ते पाटीवर लिहायचं.

भोकांतली काजळी खरवडताना त्या सिलिंडरची इनटेक झडप बंद आहे याची खात्री हवी. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्याच दिशेने हळू फिरवायचं, झडप बसली की तेवढंच भोक साफ करायचं, व्हॅक्यूमला बारीक नळी लावून चुरा ओढून घ्यायचा, मग पुढचं.

बोल्टचं म्हणाल तर मागच्या बाजूचे एलनचे आहेत आणि त्यांच्या खाचेत काजळी भरलेली असते. खिळ्याने ती खाच कोरून साफ करा, एलन-की तळापर्यंत ठोकून बसवा, मगच फिरवा. एका बोल्टची खाच झिजली की उरलेला दिवस त्याच्यातच जातो.

९. कॉस्टिक सोडा नको

रेडिएटरवाले आणि काही गॅरेजं मॅनिफोल्ड कॉस्टिकच्या टबात टाकतात. लोखंडाला ते चालतं. हा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, वर पेटणारा हायड्रोजन सोडतो. बैठकीचा सपाट पृष्ठभाग खडबडीत झाला की कितीही नवं गॅस्केट घाला, हवा गळणार. ब्लो-टॉर्चने आतली काजळी पेटवून देणारेही आहेत. धातू मऊ पडतो, आणि शेडमध्ये कडबा असेल तर बोलायलाच नको. रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर भिजवणं, लाकडी पट्टीने खरवडणं, बाटल्यांचा ब्रश आणि शेवटी गरम साबणपाणी, एवढंच पुरतं. हात चार दिवस काळे राहतात.

१०. साफ झाल्यावरच कळतं, ठेवायचा की बदलायचा

आमचा मॅनिफोल्ड स्वच्छ झाला आणि ईजीआरच्या बैठकीजवळ एक करडा पट्टा दिसला. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्याशा गॅरेजने तडा एम-सीलने बुजवून वर काळा रंग मारला होता. टर्बोची दाबलेली हवा तिथूनच फुसफुसत होती. काळ्या धुराचं अर्धं कारण हे. बिलावर तेव्हा काय लिहिलं असेल याची कल्पना करवत नाही.

नवा मॅनिफोल्ड मागवायचा तर किंमत आणि वाट पाहणं, दोन्ही गाडीच्या वयाला शोभणारं नव्हतं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना आणला. जुना घेताना काकांनी सांगितलेल्या तपासण्या अशा. पोलादी पट्टी बैठकीवर आडवी-तिरकी धरून खालून उजेड येतो का पाहायचं. प्रत्येक आट्यात बोल्ट हाताने फिरवून पाहायचा. आणि तड्यासाठी रॉकेल-खडूची जुनी परीक्षा: बाहेरून खडूची पूड चोळायची, आतून रॉकेल लावायचं, थोडा वेळ थांबायचं. केसाएवढा तडा असला तरी खडूवर ओली रेघ उमटते. दुकानदार कुरकुरला, पण पहिला तुकडा याच परीक्षेत नापास झाला तेव्हा गप्प बसला.

गॅस्केट मात्र नवंच. मॅनिफोल्डचं, ईजीआरच्या नळीचं, झडपेचं, सगळी. ईजीआरची घडीची नळीही नीट बघा, ती घड्यांमध्ये चिरते.

११. ‘ईजीआर बंद करून टाका’

हा सल्ला फुकट मिळतो. पत्र्याचा तुकडा घालायचा, पुन्हा डांबर नाही. ते यंत्राच्या दृष्टीने बरोबरही आहे. मी तो मानला नाही. ते ऑक्साइड शेवटी आपल्याच नाकात येतात, आणि प्रदूषणाची यंत्रणा काढून टाकलेली गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये बसणारा गुन्हा आहे. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, ऑक्साइड मोजत नाहीत, म्हणून कुणी पकडत नाही, एवढंच. झडप साफ करून ती मोकळी उघड-मीट होते ना ते पाहिलं, ब्रीदरची नळी बदलली, इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल ओतून टाकलं. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उघडून बघेन.

१२. पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस हवेच्या तोंडाशी

डिझेल इंजिन इनटेकमधून येणारं काहीही जळण म्हणून खातं. मॅनिफोल्डमध्ये धुण्याचं रॉकेल राहिलं, इंटरकूलरमध्ये ऑइल राहिलं, तर इंजिन त्याच्यावर सुटतं. आरपीएम चढत जातात आणि चावी बंद करून काही उपयोग होत नाही, कारण चावी फक्त डिझेल थांबवते. म्हणून सगळे भाग कोरडे ठणठणीत करूनच बसवायचे. तरीही पहिल्या वेळी काका फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभे राहिले, मी गाडीत ब्रेक दाबून. सुटलंच तर फळीने हवा कोंडायची, किंवा पाचव्या गिअरमध्ये ब्रेक घट्ट धरून क्लच सोडायचा. हात किंवा फडकं तोंडाशी नेऊ नका, ओढलं जातं. आमचं इंजिन दोनदा मिसिंग करून शांतपणे आयडलला लागलं.

१३. काय फरक पडला

पहाटे पारा उतरलेला असतानाही गाडी पहिल्या सेल्फला लागते. पांढरा धूर क्षणभर. चांदोरीच्या पुढे ट्रकला मागे टाकताना मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत नाही. ॲव्हरेज किंचित सुधारलं, पण मॅनिफोल्ड बदलून ॲव्हरेज दीडपट झाल्याच्या कथा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मजुरी शून्य, कारण काकांनी पैसे घेतले नाहीत. द्राक्षाच्या हंगामात त्यांच्याकडे पेट्या जातात.

तुमच्याकडे जुनी डिझेल असेल आणि तुम्ही निफाड, सिन्नर, येवला किंवा थंडी पडणाऱ्या कुठल्याही भागात राहत असाल, तर दिवाळीच्या आधी एका सकाळी चारही हीटर प्लग मोजून घ्या. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांना मिळतो आणि काम अर्ध्या तासाचं आहे. जानेवारीत गॅरेजवाल्याला तुमच्यासाठी वेळ नसतो.